घडी न मोडलेली वर्दी

"दोन्ही वर्द्या दाखवता का?" मी विचारलं.

निराबाईंनी माझ्याकडे न बघता अंगणातल्या दोरीकडे बोट केलं. दोरीवर जाड खाकी शर्ट आणि पँट वाळत होती.

"ही एक."

"आणि दुसरी?"

"हाय आत."

पण त्या उठल्या नाहीत. अंगणात मोहाची फुलं पसरली होती, त्यांतला पालापाचोळा वेचत राहिल्या. मला दुपारच्या एसटीनं परत जायचं होतं. मी जरा थांबले आणि म्हटलं, "बाई, दोन्ही वर्द्या ऑफिसात जमा करायच्या आहेत. महिना झाला ना आता."

ही गोष्ट १९९३ च्या मार्चमधली. मी वनविभागाच्या एका ऑफिसात भांडार लिपिक होते. नोकरीला तीन वर्षं झाली होती आणि तोवर जंगल मी बसच्या खिडकीतूनच पाहिलं होतं. वनरक्षकांना तेव्हा सरकारी कापड मिळायचं ते कॉटन ड्रिल. जाड, जड, दोन धुण्यांत आटणारं. त्याच्याबद्दल इतक्या तक्रारी होत्या की माझ्या कपाटात त्यांची वेगळी फाइल होती. शेवटी वरून पत्र आलं, की कॉटन ठेवायचं की पॉलिएस्टर मिसळलेलं टेरीकॉट द्यायचं हे विभागानं मार्चअखेर ठरवावं. आम्ही त्र्याऐंशी वनरक्षकांना छापील फॉर्म पाठवले. एकोणऐंशी जणांनी टेरीकॉट लिहिलं, चौघांनी फॉर्म कोराच परत केला. शिवाय एका अनुभवी वनरक्षकाला दोन्ही कापडांच्या वर्द्या शिवून दिल्या होत्या. महिनाभर आलटून पालटून घालायच्या आणि अहवाल द्यायचा. ते अनुभवी वनरक्षक म्हणजे निराबाईंचे यजमान, डोमाजी कुळमेथे.

त्यांचा अहवाल माझ्या पिशवीत होता. अक्षर मोठं, एकेक ओळ सरळ. 'टेरीकॉट हलके आहे. लवकर वाळते. चुरगळत नाही. काट्यात कमी फाटते. टेरीकॉट योग्य वाटते.' मला तो आवडला होता. खरं सांगायचं तर मलाही टेरीकॉटच हवं होतं. आटल्याच्या, रंग गेल्याच्या तक्रारी संपल्या असत्या आणि ती फाइल मी कायमची बांधून ठेवली असती.

निराबाई शेवटी आत गेल्या आणि दुसरी वर्दी घेऊन आल्या. ती त्यांनी खाटेवर माझ्याशेजारी ठेवली.

शर्टाच्या कॉलरखाली शिंप्यानं घातलेला पुठ्ठा तसाच होता. पँटच्या घडीत टाचणी होती. मी घडी उलगडून पाहिली. बगलेत घामाचा डाग नाही, बाहीला साल नाही, काटा नाही. मग उठून दोरीवरच्या कॉटनच्या वर्दीजवळ गेले. तिचे गुडघे विटले होते, एका बाहीला खोंबारा लागून रफू केलेलं होतं.

"ही त्यांनी घातलीच नाही," मी म्हटलं.

निराबाई पुन्हा पाला वेचायला लागल्या.

"अहवालात तर लिहिलंय की टेरीकॉट चांगलं आहे म्हणून. घातली नाही तर कळलं कसं?"

"त्याईलेच विचारा. येतीन आता."

माझा आवाज थोडा चढला असावा. लिपिकाला खोटा कागद सापडला की एक प्रकारचा जोर येतो, तसा मला आला होता. "बाई, मी हे असं साहेबांपुढे नेऊ शकत नाही. मला लिहावं लागेल की चाचणी झालीच नाही."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. पस्तिशीच्या असतील. हाताला मोहाचा चिकट वास.

"लिवलं तर काय होईल?"

"विचारतील त्यांना. खुलासा मागतील."

"मंग सारंच निघंल," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मी पाणी मागितलं. त्यांनी तांब्या दिला. मी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या, "बाई, तुमी कोणापाशी आमचं नाव घेणार नाई ना?"

मी तेव्हा 'नाही' म्हटलं. काय सांगणार आहेत हे माहीत नसताना म्हटलं.

अडीच वर्षांपूर्वी, दिवाळीचे पैसे आल्यावर, दोघं तालुक्याच्या बाजारात गेले होते. सरकारी कॉटनची वर्दी ओली झाली की घागरीसारखी जड व्हायची. निराबाई नाल्यावर धुवायच्या आणि खांदे भरून यायचे. दुकानात टेरीकॉटचं खाकी कापड दिसलं. रंग हुबेहूब.

"त्याईले नको होतं. नियमात बसत नाई म्हणे. मीच म्हटलं, कोण पाह्यते एवढं, घ्या. कापड मीच निवडलं, बाई. मीच शिवाले टाकलं. घातलं तं असे बरे दिसले का सांगू. त्याईच्या संगं नोकरीले असलेले बावणेभाऊ बी म्हणाले, लय शोभते."

पुढच्या एप्रिलात वणवा लागला. मोह वेचणाऱ्या कुणीतरी झाडाखालचा पाला पेटवला आणि वारा सुटला. कुळमेथे आणि दोन मजूर हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होते. एक वाळलेलं खोड कोसळलं आणि निखारे त्यांच्या पाठीवर उडाले. मजुरांनी त्यांना जमिनीवर लोळवलं, आग विझली. पण कापड विझलं नाही.

"कापड नाई जळलं, बाई. वितळलं. कातडीले चिकटलं. दवाखान्यात डाक्टर रोज चिमट्यानं काढे. चाळीस दिवस. मी बाजूले उभी राहो. एकेक तुकडा निंगे आन् मले वाटे, हे मी निवडलेलं."

त्यांनी तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"मजुराच्या पाठीवर बी निखारे पडले होते. त्याची सुती बंडी. दोन फोड आले, चार दिवसांत बरा."

पुढचं कुळमेथेंनीच सांगितलं. ते तेवढ्यात सायकल लावून आत आले, मला पाहून नमस्कार केला, खाटेवरची उलगडलेली वर्दी पाहिली आणि बायकोकडे बघितलं. मग दारातच उकिडवे बसले. बारीक अंगाचे, पिकल्या मिशांचे. शर्टाची मागची बाजू पाठीला टेकू नये म्हणून किंचित पुढे वाकून बसायची सवय होती त्यांना. आधी मला ते फक्त नम्रतेचं वाकणं वाटलं असतं.

"ठेंगडी साहेब रेंजर होते तेव्हा," ते म्हणाले. "दवाखान्यात आले. म्हणाले, डोमा, अंगावर सरकारी कापड नव्हतं असं लिहिलं तर ही ड्युटीवरची जखम धरणार नाहीत. रजा जाईल, उपचाराचा खर्च जाईल. त्यांनी पंचनाम्यात लिहिलं, गणवेश कॉटनचा होता. मी सही केली. ते रिटायर झाले, मॅडम. आता मी खरं बोललो तर मी खोटा ठरतोच, पण तेही ठरतात. त्यांनी माझ्यासाठी केलं."

"पण मग टेरीकॉटच्या बाजूनं का लिहिलंत?"

"सगळ्यांनी तेच लिहिलं. मी एकटाच कॉटन म्हटलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, का रे बाबा? काय सांगू?"

"इतर लोकांना तरी सांगायचं."

"सांगतो ना. पोरांना सांगतो, आगीच्या दिवसांत सुती घाला. हसतात. म्हणतात, कुळमेथे काका जुन्या वळणाचे."

एसटीची वेळ होत आली होती. मी दोन्ही वर्द्या पिशवीत भरल्या. दारातून बाहेर पडताना निराबाई म्हणाल्या, "बाई, तुमी नाव घेणार नाई म्हटलं."

"नाही घेणार."

रस्ताभर मी पिशवी मांडीवर धरून बसले होते. घरी आल्यावर स्वयंपाकघरात दोन्ही कापडांच्या नमुन्यांचे तुकडे स्टोव्हच्या आचेवर धरले. कॉटन पेटलं, काळं झालं, राख होऊन पडलं. टेरीकॉट आधी आक्रसलं, मग त्याच्या कडेला एक काळा चिकट थेंब जमला आणि तो माझ्या अंगठ्याच्या मागे पडला. मी हात झटकला. थेंब गेला नाही. पाण्याखाली धरला तरी गेला नाही. नखानं काढला तेव्हा त्याच्याबरोबर कातडी आली. ज्वारीच्या दाण्याएवढी जखम असेल. ती रात्रभर ठणकत होती आणि मला फक्त एवढंच सुचत होतं की माणसाची पाठ केवढी मोठी असते.

पाचव्या दिवशी बैठक झाली. सहायक वनसंरक्षक देवस्थळे साहेब अध्यक्ष होते. दोन रेंजर, वनरक्षक संघटनेचे शेषराव बावणे आणि नमुने घेऊन मी. कुळमेथेंनाही बोलावणं होतं. ते भिंतीजवळच्या शेवटच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसले होते.

देवस्थळे साहेब कमी बोलणारे, सरळ माणूस. त्यांनी फॉर्मांचा गोषवारा वाचला आणि म्हणाले, "एकोणऐंशी. मला वाटतं यात चर्चेसारखं काही नाही."

"साहेब, मला थोडं दाखवायचंय," मी म्हटलं.

शिपायाकडून काडेपेटी आणि चहाचा स्टीलचा ट्रे मागवला. दोन्ही तुकडे एकामागून एक पेटवले. टेरीकॉटचा थेंब ट्रेवर पडून दगडासारखा घट्ट झाला. सगळ्यांनी बघितला. मी माझा अंगठाही दाखवला.

बावणे उठून उभे राहिले. उंच, खणखणीत आवाजाचे. पण बोलले ते रागानं नव्हे.

"नन्नावरे बाई, कापड आगीत टाकलं तर जळणारच. आम्ही आगीत वर्षाचे चार दिवस असतो. पावसात चार महिने असतो. दोन वर्द्या मिळतात. कॉटन भिजलं की दोन दिवस वाळत नाही. ओली वर्दी घालून वीस-वीस किलोमीटर चालतो आम्ही. जांघेत चट्टे पडतात, रक्त येतं. ते तुम्हाला इथे पंख्याखाली दिसत नाही. आणि गावात चुरगळलेली वर्दी घालून गेलं की लाकूडतोड्या विचारतो, वॉचमन का हो तुम्ही?"

रेंजर हसले. त्यांचं सगळं खरं होतं.

साहेबांनी ट्रेमधला थेंब पेन्सिलीनं टोकरून पाहिला. "नन्नावरे बाई, तुमचा मुद्दा कळला. पण माझ्यापुढे एकोणऐंशी माणसांची मागणी आहे. ती बाजूला सारायची तर काहीतरी आधार हवा. या विभागात गेल्या दहा वर्षांत टेरीकॉटमुळे कोणी भाजलंय? मला एक केस सांगा. एकच."

मी फाइलकडे बघत राहिले.

"नाही साहेब," मी म्हटलं. "कागदावर तशी केस नाही."

"मग..." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"केस आहे, साहेब."

कुळमेथे उभे राहिले होते. टोपी त्यांच्या दोन्ही हातांत होती.

"माझी. एक्याण्णवच्या एप्रिलची. पंचनाम्यात कॉटन लिहिलंय ते खरं नाही. माझ्या अंगावर टेरीकॉट होतं, बाजारातून घेतलेलं. आणि आता अहवालात लिहिलंय तेही खरं नाही. ती वर्दी मी घातलीच नाही. मला घालवलीच नाही." ते थांबले. "पाठ दाखवू का?"

"नको," साहेब म्हणाले. "बसा तुम्ही."

पण ते बसले नाहीत. सगळ्यांच्या मागे उभे राहून त्यांनी चाळीस दिवस सांगितले. चिमट्याचं सांगितलं. सुती बंडीवाल्या मजुराचं सांगितलं. ठेंगडी साहेबांचं नाव घेतलं नाही. म्हणाले, "पंचनाम्यावर सही माझी आहे."

"सरकारी कापड सोडून तुम्ही बाजारातलं का घेतलंत?" एका रेंजरांनी विचारलं.

"मला आवडलं म्हणून."

मी मान वर केली नाही.

बावणे अजून उभेच होते. ते म्हणाले, "डोमा, वीस वर्षं झाली आपल्याला. मला सांगितलं नाहीस."

"तुला काय सांगू?" कुळमेथे म्हणाले. "तूच म्हणाला होता, शोभते."

बावणे खाली बसले. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि चहा मागवला. मग बावणेंनीच तोंड उघडलं. एक वर्दी कॉटनची, एक टेरीकॉटची असं करता येईल का? फेब्रुवारी ते पावसाला सुरुवात होईपर्यंत कॉटन सक्तीचं. पावसाळ्यात टेरीकॉट. संघटनेला मी समजावतो, म्हणाले. तसाच ठराव झाला आणि त्याखाली पहिली सही बावणेंची होती. कॉटन आधी पाण्यातून काढून, आटवून मगच शिवायला द्यावं हे वाक्य मी त्यात घातलं.

कुळमेथेंची चौकशी झाली, ती टळण्यासारखी नव्हती. ठेंगडी साहेबांना कुठून कळलं कोण जाणे, पण त्यांनी आपणहून पोस्टानं पत्र पाठवलं, की पंचनाम्यातला मजकूर माझा आहे, जखमी माणसाला तो वाचायची शुद्धही नव्हती. शुद्धीबद्दलचं खरं नव्हतं, पण त्या पत्राचा उपयोग झाला. कुळमेथेंची एक वेतनवाढ रोखली आणि सर्व्हिस बुकात लेखी ताकीद नोंदवली गेली. ती नोंद करायला सर्व्हिस बुक माझ्याच शेजारच्या टेबलावर आलं होतं.

आता एवढ्या वर्षांनी, रिटायर होऊन बसल्यावर, मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. त्या बैठकीला कुळमेथेंना बोलवायची काही गरज नव्हती. त्यांचा लेखी अहवाल आलेला होता, तेवढ्यावर काम भागलं असतं. साहेबांनी त्यांचं नावही काढलं नव्हतं. 'बैठकीस उपस्थित राहावे' हे पत्र मी टाइप केलं आणि सह्यांच्या गठ्ठ्यात मधोमध घातलं. साहेबांनी न बघता सही केली. मी निराबाईंना दिलेला शब्द पाळला. कोणाचं नाव घेतलं नाही. फक्त त्या माणसाला तिथे आणून बसवलं आणि वाट बघितली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नव्या वर्द्या वाटायला मी रेंजच्या ऑफिसात गेले आणि तिथून पायी कुळमेथेंच्या क्वार्टरवर गेले. ते फिरतीवर होते. निराबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी 'या' म्हटलं नाही. मी ओल्या चपला बाहेर काढल्या आणि पायरीवर उभी राहिले.

"बैठकीचं पत्र मी पाठवलं होतं," मी म्हटलं. "साहेबांनी नाही. मी."

त्या सुपातले खडे काढत राहिल्या. "मले माहीत हाय. पत्र आलं तवाच समजलं. दोन दिवस त्याईनं ते खिशात ठेवलं. रातच्याले काढून वाचत. मी म्हटलं, नका जाऊ, तब्येत बरी नाई म्हणून कळवा. मंग तीन दिवस मी त्याईच्याशी बोलली नाई."

"मला माफ करा."

"त्याईनं सांगितलं ते बरंच झालं," त्या म्हणाल्या. "आता उताणे निजत नाईत तं नाईत, पण निजतेत. आधी निजत नव्हते. ते बरं झालं, बाई. पण तुमी मले विचाराले पाहिजे होतं. मी तुमाले घरातली गोष्ट सांगितली होती."

"हो," मी म्हटलं. "विचारायला हवं होतं."

मी निघणार एवढ्यात त्यांनी सूप खाली ठेवलं.

"एक सांगा. तिथं माहं नाव निंगलं का? कापड कोणं घेतलं, कोणं निवडलं, ते?"

"एका रेंजरांनी विचारलं होतं."

"मंग?"

"म्हणाले, मला आवडलं म्हणून घेतलं."

निराबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पदरानं डोळे पुसले.

"म्हणजे तिथं बी खोटंच बोलले," त्या म्हणाल्या, आणि पडवीत माझ्यासाठी जागा करत थोड्या बाजूला सरकल्या.